चारची नानकटाई : सोलापुरात भट्टीवरची ताजी बिस्किटं कशी गाठायची

सोलापूरचा माणूस पाहुण्याच्या हातात काय देतो? शेंगा चटणीचा पुडा, कडक भाकरीची थप्पी, फारच जवळचा असला तर चादर. बिस्किटं कोणी बांधून देत नाही. पुण्याहून येणारा मात्र श्रूजबेरीचा खोका बगलेत मारून येतो आणि आपण तो दोन दिवसांत फस्त करतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या खोक्यातलं बिस्किट झालं तरी निदान कालचं असतं. आपल्या पेठेतल्या भट्टीतून तासाभरापूर्वी निघालेली नानकटाई त्याला सहज मागं टाकते. अडचण ही, की ती त्या वेळात गाठावी लागते. संध्याकाळी सातला बरणीतून काढून दिलेली नानकटाई आणि दुपारी चारला पत्र्यावरून उचललेली नानकटाई यांत दुकान तेच, भट्टी सांभाळणारा मिस्त्री तोच, पण खाणाऱ्याला फरक कळतो.

म्हणून 'सोलापुरातली सगळ्यात चांगली बेकरी कुठली' या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. कुठल्या बेकरीत केव्हा जायचं हे स्वतः कसं शोधायचं, ते सांगतो.

आधी ठरवा, नेमकं काय खायचंय

ताजेपणाचं गणित प्रत्येक बिस्किटाचं वेगळं असतं. टोस्टसाठी धावपळ करू नका. तो मुळात पाव भाजून, कापून, पुन्हा वाळवलेला. आजचा आणि आठ दिवसांपूर्वीचा टोस्ट चहात बुडाल्यावर सारखाच. बटरचंही जवळपास तसंच.

खारीचं मात्र तसं नाही. तिचे पदर सुटे आणि कोरडे असतात तोवरच मजा. हवेतला ओलावा पदरांत शिरला की ती दाताखाली चामट लागते. निघाल्यापासून अर्धा दिवस हा तिचा ऐन काळ.

नानकटाई आणि घरगुती पद्धतीची साजूक तुपाची बिस्किटं यांच्याबाबत बहुतेक जण एक चूक करतात. गरम गरम मागतात. भट्टीतून नुकती निघालेली नानकटाई मऊ असते, हातात घेतली की मोडते, आणि तिला नाकात झोंबणारा एक वास येतो. तो खाण्याच्या अमोनियाचा. बेकरीत बिस्किट फुलवायला अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. भट्टीच्या उष्णतेनं त्याचा वायू होऊन तो बाहेर पडतो आणि बिस्किटाला भेगा पडतात. पत्र्यावर थोडा वेळ राहिली की हा वास उडून जातो. त्याच वेळात वितळलेली साखर घट्ट होते, तूप बसतं आणि खुसखुशीतपणा येतो. म्हणजे नानकटाई कुरकुरीत होते ती भट्टीत नव्हे, बाहेर निवताना. निघाल्यानंतर पाऊण तास ते रात्रीचं जेवण, ही तिची वेळ.

चॉकलेट चिप कुकी याच्या अगदी उलट. ती निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, मध्यभाग अजून मऊ असतानाच खायची. तिचं शेवटी बोलू, कारण सोलापुरात ती मिळवण्याची वाट निराळी आहे.

भट्टीवाली बेकरी ओळखा

'बेकरी' अशी पाटी असलेल्या दुकानांपैकी कितीतरी दुकानं फक्त विकणारी असतात. माल सकाळी दुसऱ्याच्या टेम्पोतून येतो. तो वाईट असतो असं नाही, पण तिथं ताज्याची वेळ विचारण्यात अर्थ नाही.

स्वतःची भट्टी असलेली जागा ओळखायला पाटी वाचू नका, मागची बाजू बघा. छपरातून वर गेलेलं धुरांडं, भिंतीला लावून रचलेली बाभळीची लाकडं, मैद्याची रिकामी पोती, काळे पडलेले पत्रे एकावर एक. पहाटे निघाला असाल तर सायकलींना पावाच्या मोठ्या पेट्या बांधलेल्या दिसतील. त्या जिथून निघतात, तिथं भट्टी आहे. विजापूर वेस, लष्कर, अशोक चौकाच्या पलीकडचा पूर्व भाग, जुन्या पेठांमधले बोळ असं हिंडा. मोठ्या रस्त्यावरून दिसणार नाही, आत शिरावं लागेल. सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर या बाजूला चकचकीत काचेची केक शॉप जास्त. तिथं वीज किंवा गॅसवरचा ओव्हन असतो. त्याची गोष्ट वेगळी, ती पुढं येईल.

आमच्या घरी हा शोध कधी घ्यावा लागला नाही. आजोबा गिरणीत होते. रात्रपाळी सुटल्याचा भोंगा झाला की ते घरी यायच्या वाटेवर भट्टीवर थांबत आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली खारी घेऊन येत. कागदाला तुपाचे डाग किती मोठे पडलेत त्यावर आजी खारी जोखायची. ही परीक्षा मी अजून वापरतो. फक्त छापील कागदाची शाई खाण्याला लागू नये म्हणून आता कोरा कागद घरून नेतो.

भट्टीचा दिवस समजून घ्या

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

विटांची जुनी भट्टी म्हणजे बटण दाबलं की तापली, बटण दाबलं की निवली, असं काम नाही. तिच्यात लाकडं जाळून विटा तापवतात. विटांनी भरपूर उष्णता धरली की निखारे बाजूला सारतात आणि त्या साठलेल्या उष्णतेवर माल भाजतात. उष्णता हळूहळू उतरत जाते, आणि मिस्त्री त्या उतरणीप्रमाणे माल लावत जातो. भट्टी कडक असताना पाव, कारण त्याला २२० अंशांच्या आसपास धग लागते आणि तो झटपट फुलावा लागतो. त्याखालोखाल खारी. धग १६०-१७० अंशांवर आली की नानकटाई आणि बिस्किटं, कारण त्यांत साखर-तूप जास्त, कडक भट्टीत वरून करपतील आणि आत कच्ची राहतील. अगदी शेवटी, भट्टी जेमतेम तापलेली असताना, टोस्ट आणि बटर आत सरकवून तासन् तास वाळवतात.

हे कळलं की अंदाज बांधता येतो. पाव पहाटे निघतो, म्हणजे बिस्किटं त्यानंतर, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. ज्या बेकऱ्या संध्याकाळच्या वडापाव-पावभाजीवाल्यांसाठी दुपारी पुन्हा पाव काढतात, त्यांची भट्टी दुसऱ्यांदा उतरते ती चारच्या सुमाराला. मला हीच वेळ सोयीची. सकाळी ऑफिस, चारला चहा. पण प्रत्येक भट्टीचं वेळापत्रक तिच्या गिऱ्हाइकांवर ठरतं, तेव्हा माझे आकडे फक्त सुरुवातीला धरा. ओळखीची भट्टी ठरली की पावाचा शेवटचा पत्रा किती वाजता निघतो ते विचारा आणि त्यात दोन तास मिळवा.

आणखी एक. नानकटाई रोज लागेलच असं नाही. पाव रोज, बिस्किटं एक-दोन दिवसांआड, असं पुष्कळ ठिकाणी असतं. कुठल्या वारी काय लागतं हे दोन आठवड्यांत कळतं. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच जाऊ नका. कितीतरी भट्ट्या मुस्लिम कुटुंबांच्या आहेत, नमाजाच्या वेळी गल्ला बंद असतो. रमजानमध्ये तर सगळंच वेळापत्रक रात्रीकडं सरकतं. विजापूर वेशीत मीना बाजार भरतो तेव्हा रात्री दहाला गेलात तरी गरम पत्रे बाहेर येताना दिसतील. वर्षातला तो महिना आमच्यासारख्यांची पर्वणी.

लाकडाच्या भट्टीची चवच वेगळी, असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. बिस्किटात धूर काही मुरत नाही. फरक पडतो तो विटांच्या सगळीकडून लागणाऱ्या, हळू उतरत्या धगीचा. ती धग गॅसवर आणता येते, कसब लागतं इतकंच. मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं हवेच्या प्रदूषणामुळं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडं वळायला सांगितलं. लाकडाच्या धुरात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मिस्त्रीचा खोकला ज्यानं ऐकलाय, त्याला यात वाईट वाटण्याजोगं काही दिसणार नाही.

काचेच्या दुकानांतल्या ओव्हनमध्ये धग हवी तेव्हा हवी तेवढी मिळते. तिथं भट्टीचा दिवस वगैरे नसतो, घाणा संपला की पुढचा लागतो. तिथं सरळ विचारा, 'पुढचा घाणा कधी?'

विचारायचं कसं

'ताजं आहे का?' असं विचारू नका. याला जगात कोणीही 'नाही' म्हणत नाही. उत्तरात वेळ यावी असा प्रश्न हवा. 'चाचा, नानकटाई आज कधी निघाली?' किंवा 'अण्णा, आत्ता भट्टीत काय लागलंय?' दुसरा प्रश्न जास्त कामाचा. मला मिळालेलं एक उत्तर जसंच्या तसं : 'आता खारी लागलीय. नानकटाई चारला निघंल. साडेचारला या, गरम घिऊन जाऊ नका, मोडतील की.' माल आजच खपवायची घाई असलेला माणूस असं सांगत नाही. त्या बेकरीत मी नऊ वर्षं जातोय.

सोलापुरात मराठीत विचारलं, हिंदीत उत्तर आलं आणि आत मिस्त्रीला कानडीत नाहीतर तेलुगूत हाक गेली, तर दचकू नका. अशानंच माहिती पक्की मिळते.

हातात घेऊन पारखा

सुटी बिस्किटं असल्यानं डब्यावरची तारीख वाचायची सोय नाही. एकच नानकटाई मागा, पैसे देऊन. उलटी करून बुड बघा. बदामी, सगळीकडं सारखा रंग हवा. बुड काळपट आणि वरची बाजू पांढरट असेल तर भट्टीचा तळ फार कडक होता. मग मोडा. ताजी आणि नीट भाजलेली नानकटाई एका हलक्या आवाजात तुटते आणि आतला भाग रवाळ दिसतो. न मोडता दबली तर एकतर अजून गरम आहे, नाहीतर दमट झालीय. गरम आहे की नाही ते बोटाला कळतंच.

वास घ्या. तूप-वेलदोड्याचा आला तर उत्तम. जुन्या तेलाच्या पिंपासारखा खवट वास आला तर पैसे गेले असं समजून बाहेर पडा. शेवटी चव. तोंडात विरघळून टाळू स्वच्छ राहिली तर साजूक तूप किंवा लोणी. टाळूला मेणासारखा थर बसला तर डालडा. आमच्या लहानपणी डालड्याची नानकटाई म्हणजे चैन होती, त्यामुळं मी नाक मुरडत नाही. शिवाय तेला-तुपात कारखान्यात तयार होणाऱ्या, हृदयाला घातक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आलीय. पण साजूक तुपाचा भाव घेऊन डालडा खपवला जात असेल तर ते टाळूनं ओळखता आलं पाहिजे.

खरी चैन : घरचं साहित्य, भट्टीची धग

ताजी बिस्किटं मिळवण्याचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग, आणि नव्या पिढीला तो जवळपास माहीतच नाही. मैदा, तूप, साखर आपण न्यायची. मिस्त्री मळून, पाडून, भाजून देतो आणि किलोमागं मजुरी घेतो. दिवाळीत आणि मुलांच्या मे महिन्याच्या सुटीत पूर्वी घरोघरी हे व्हायचं.

अंदाज असा धरा. एकूण एक किलो पीठ : त्यात ८०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बेसन, १०० ग्रॅम बारीक रवा. ६०० ग्रॅम पिठीसाखर, ६०० ग्रॅम साजूक तूप. दहा-बारा वेलदोड्यांची पूड, अर्धं जायफळ, चिमूटभर मीठ. सव्वादोन किलोच्या आसपास गोळा होतो आणि भाजून दोन किलोंच्या वर बिस्किटं हातात पडतात, म्हणजे नव्वदएक नग. फुलवण्यासाठी काय आणि किती घालायचं ते मिस्त्रीवर सोडा, त्याला त्याची भट्टी माहीत असते.

तूप रवाळ, घट्ट न्या. पातळ तुपात बिस्किट पत्र्यावर पसरतं. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो आणि डब्यातलं तूप बेकरीत पोचेपर्यंत पाणी होतं. म्हणून उन्हाळ्यात तूप आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळीच निघा. साखर मात्र घरीच बारीक दळून, चाळून न्या. जाड राहिली तर वरच्या बाजूला तपकिरी ठिपके येतात.

एक दिवस आधी जाऊन वेळ ठरवा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर नंबर लागेलच असं नाही, दहा-बारा दिवस आधीच उरका. साजूक तुपाचा माल आरामात टिकतो. डब्यावर आणि झाकणावरही नाव लिहा. दोन घरांचे गोळे शेजारी शेजारी असले की घोळ व्हायला वेळ लागत नाही. एका दिवाळीत आमच्या डब्यात कुणाची तरी टुटीफ्रुटीवाली आली आणि आमची वेलदोड्याची कुठं गेली ते आजवर कळलं नाही. तेव्हा जमेल तर थांबाच. बसायला बाकडं मिळतं, चहा मिळतो आणि पहिला पत्रा निघताना तुम्ही समोर असता.

ज्वारीची बिस्किटं करायची असतील तर या पद्धतीइतकी चांगली सोय नाही. मालदांडी ज्वारीचं पीठ आपल्याकडं घरात असतंच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पूर्ण ज्वारीची बिस्किटं भुगा होतात. निम्मी ज्वारी, निम्मी कणीक किंवा मैदा घ्या, साखरेऐवजी गूळ वापरायचा तर किसून अगदी बारीक करा, आणि पीठ ताजं दळलेलं असू द्या. जुन्या ज्वारीच्या पिठाला कडवट चव येते आणि ती तुपानंही झाकली जात नाही.

डबा उघडा ठेवा

भट्टीवरून निघालेली दोन किलो बिस्किटं मी पहिल्यांदा एकटा आणायला गेलो तेव्हा शहाणपणानं डबा घट्ट लावला, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि घरी आणला. आत वाफ धरली, झाकणाला पाणी सुटलं आणि नव्वद नानकटायांचा शिरा झाला. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. तर डब्यात कागद पसरा, वरूनही कागदच झाका, झाकण घरी पूर्ण गार झाल्यावर लावा. गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात ती दुसरी भट्टीच असते.

सोलापूरची हवा कोरडी, ही इथं आपल्या पथ्यावर पडते. मुंबईत दोन दिवसांत मऊ पडणारी खारी इथं हिवाळ्यात चार दिवस कडक राहते. पावसाळ्यात मऊ पडलीच तर जाड तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता पाच मिनिटं ठेवायची आणि गार होऊ द्यायची. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आणखी चामट होईल.

आणि ती चॉकलेट चिप

ही अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इन या खानावळीत रूथ वेकफिल्ड नावाच्या बाईंनी १९३०च्या दशकात ती पहिल्यांदा केली. विटांच्या भट्टीवर ही मागू नका. मिस्त्री करून देईल, पण ती नानकटाईच्या अंगानं जाईल.

काचेच्या दुकानांत ती मिळते, पण बहुतेक वेळा काउंटरवर पडून कडक झालेली. अॅपवरून मागवली तर गरम असताना खोक्यात बंद केलेली, म्हणजे घामेजलेली. घरून ऑर्डर घेणाऱ्या ताया जुळे सोलापूर, होटगी रोड भागात बऱ्याच आहेत, त्या खरा आधार. त्यांना भाजलेल्या कुकी मागण्याऐवजी कच्चे गोळे गोठवून मागा. काही जणी आनंदानं देतात. घरी फ्रीजरमध्ये ठेवा आणि पाहिजे तेव्हा चारच भाजा. ओव्हन असेल तर १७० अंशांवर बारा-तेरा मिनिटं. नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकण, दहा मिनिटं तापवून मग ताटली आत. वीस मिनिटं लागतात. कडा सोनेरी आणि मधला भाग अजून कच्चा वाटतो तेव्हाच काढायची, बाहेर आल्यावर ती स्वतःच्या धगीवर पुरी होते. अंडं चालत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा. सुट्या मालावर हिरवा ठिपका नसतो, विचारल्याशिवाय कळणार नाही. भट्टीवरही हेच लागू : नानकटाई सहसा बिनअंड्याची, पण शेजारची बिस्किटं असतीलच असं नाही.

भट्टीवरून निघता निघता एक गोष्ट आवर्जून मागा. पत्र्यावर मोडलेली बिस्किटं, खारीचे कोपरे, नानकटाईचा भुगा असा 'चुरा' वेगळा काढून ठेवलेला असतो आणि तो निम्म्याहून कमी भावात मिळतो. तो सगळा त्याच दिवशीचा असतो, कारण उरतच नाही. साडेचारपर्यंत गेलात तर मिळेल. पाचला शाळा सुटते.